अक्काचा तंबोरा आणि गरम हवेची बंदूक

हीट गन आमच्या घरात आली ती पाइप वाकवायला. गच्चीवरच्या टाकीखाली पाइपाला एक वळण द्यायचं होतं आणि प्लंबर काही येत नव्हता. शेवटी ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, भुसावळहून ती विकत आणली. दिसायला केस वाळवायच्या मशीनसारखी, पण तोंडातून निघणारी हवा अशी की चुकून बोट पुढे गेलं तर कातडी सोलून निघावी. पाइप वाकला, पाणी सुरू झालं, गन माळ्यावर गेली.

माळ्यावरून ती खाली काढली मी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी फोनवर रांगोळ्यांचे नाहीतर रेसिपींचे व्हिडिओ पाहायला लागल्या. मला मात्र एक माणूस सापडला होता, जो बंद पडलेल्या वस्तू उघडायचा. आत हिरवी पाटी, तिच्यावर मुंग्यांसारखे काळे तुकडे आणि त्यांना पाटीशी जोडणाऱ्या टाक्यांचे चांदीचे ठिपके. तो वरून गरम हवा सोडायचा आणि ते ठिपके अचानक पाऱ्यासारखे चकाकायचे. काळा तुकडा किंचित हलायचा, आपल्या जागी बसायचा, आणि मेलेली वस्तू दिवा लावून उठायची! मी वरणाला फोडणी देता देता ते पाहायची आणि फोडणी करपवायची. उभा जन्म पोरांना समास आणि अलंकार शिकवले, पण हे असं काही माझ्या आसपासच्या प्रत्येक डब्यात दडलेलं असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एके दुपारी शेजारच्या वहिनींचा बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स मी मागून आणला, उघडला आणि गनने शेकला. तो चालू झाला. वहिनी टाळ्या पिटत घरी गेल्या, आणि मी दिवसभर जमिनीवर पाय टेकवले नाहीत.

आमचे हे मात्र खूश नव्हते. त्यांची सगळी नोकरी वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. कामावर जाताना खिशात काडेपेटी नाही ना, हे इतकी वर्षं चाचपलं की अजूनही घरातून निघताना त्यांचे हात आपोआप दोन्ही खिशांवर जातात. गॅस पेटवतानासुद्धा लायटर हात लांब करून धरतात. अशा माणसाच्या स्वयंपाकघरात मी ओट्यावर हीट गन चालवत होते.

"तू काय करतेस ते तुला कळतंय का?" त्यांनी विचारलं.

"कळतंय ना! टाका वितळवते."

"आणि बाकीचं काय काय वितळतंय?"

मी गन चालूच ठेवली. सेट-टॉप बॉक्स चालला होता ना!

त्याच आठवड्यात धुळ्याहून अक्का आली. अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याला दिल्यापासून तिची बोली पक्की अहिराणी झाली, आणि माझ्याशी ती त्याच बोलीत बोलते. तिचं बायकांचं भजनी मंडळ आहे. मंडळाचे तबलजी मुलाकडे नाशिकला राहायला गेले, तेव्हापासून बायकांनी तबला आणि तंबोरा दोन्ही वाजवणारा इलेक्ट्रॉनिक डबा घेतला होता. आकाराने पोळ्यांच्या डब्याएवढा. बटण दाबलं की तंबोरा झंकारतो, दुसरं दाबलं की ठेका सुरू.

अक्काने चप्पल काढायच्या आधी पिशवीतून तो डबा काढला.

"रविवारले स्पर्धा शे, आनि हाऊ मरी गया," ती म्हणाली. "आठे दाबा ते वाजस, सोडा का बंद."

तिने डब्याच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. आतून तंबोऱ्याचा आवाज आला, गोड, खोल. अंगठा उचलला की गप्प.

माझ्या अंगावर काटा आला. हे मी पाहिलं होतं! व्हिडिओतल्या माणसाने अगदी हेच सांगितलं होतं: दाबल्यावर चालतं म्हणजे आतला तुकडा मेलेला नाही, त्याच्या पायाखालचा टाका तडकलाय. पुन्हा वितळवला की काम फत्ते.

"दुकानात दाखवलास का?" मी विचारलं.

"दुकानवाला म्हने फेकी द्या, नवा ल्या. मी सांगं, मन्ही बहीण शे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुले जमी का?"

"जमेल!" मी म्हणाले. माझ्या मागे उभे असलेले हे खाकरले. अक्का जेवून दुपारच्या गाडीने परत गेली आणि डबा माझ्याकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाजारात गेले. मी दार ओढून घेतलं, पंखा बंद केला, कारण वाऱ्याने पाटी गार होईल असं मला वाटलं. खिडकीही लावली. डब्याचे स्क्रू काढले. आत तीच हिरवी पाटी, मधोमध पुष्कळ पायांचा चौकोनी काळा तुकडा, कडेला उभ्या पिंपांसारखे छोटे कपॅसिटर, आणि एका बाजूला प्लॅस्टिकच्या निळ्या वेष्टनातली चपटी बॅटरी. लाइट गेली तरी भजन थांबू नये म्हणून ती असते. बॅटरीची वायर पाटीला जोडलेली होती. ती काढायची असते, हे व्हिडिओत सांगितलं होतं की नाही मला आठवेना. आठवायला थांबायचा धीरही नव्हता.

तुकड्याच्या पायांना सोल्डरिंगची चिकट पेस्ट लावली आणि गन सुरू केली. आधी पेस्टचा धूर निघाला, घशाला खवखवणारा. मग काही क्षण काहीच नाही. आणि मग एका बाजूने ओळीने सगळे टाके चमकायला लागले! काळा तुकडा केसभर हलला आणि बसला. मी गन बाजूला ठेवली, पाटी गार होईपर्यंत ओट्यासमोर नुसती इकडून तिकडे फिरत होते. मग बटण दाबलं.

तंबोरा वाजला. अंगठा न लावता!

मी खरंच ओरडले. स्वयंपाकघरात एकटीच, हातात चिमटा घेऊन गिरकी मारली. अक्काला फोन लावायला पदराला हात पुसले. पण तेवढ्यात तंबोऱ्यात बारीक खरखर आली. फार नाही, पिठात खडा यावा एवढीच. कदाचित एखादा पाय नीट बसला नसेल. मला वाटलं, अजून थोडी ऊब दिली की झालं. आणि हात असा सरावला होता, मन असं उडत होतं, की मी गन पूर्ण आचेवर केली आणि आधीपेक्षा जवळ धरली.

फट्ट!

दिवाळीतला लवंगी फटाका कानाशी फुटावा तसा आवाज झाला. कडेचा एक कपॅसिटर फुटून त्याचं टोपण माझ्या चष्म्याच्या काचेवर आदळलं. गनच्या हवेने एक तिळाएवढा भाग पाटीवरून उडाला, तो मला डोळ्यांनी उडताना दिसला, कुठे गेला ते दिसलं नाही. पांढरा, उग्र वासाचा धूर स्वयंपाकघरात भरला. आणि त्या धुरात मला दिसलं, की निळ्या वेष्टनातली बॅटरी पुरीसारखी फुगायला लागली आहे.

मी गन बंद केली. एवढं सुचलं. पुढे काय करायचं ते सुचेना. तेवढ्यात फाटक वाजलं आणि बाजाराची पिशवी घेऊन हे आत आले. वास त्यांना अंगणातच लागला असावा.

त्यांनी पिशवी दारातच टाकली. कोपऱ्यातली सांडशी उचलली, बॅटरीच्या वायरीचं टोक पाटीतून उपसून काढलं, बॅटरी सांडशीत हलकेच धरली, जराही न चेपता, आणि झरझर मागच्या अंगणात गेले. तिथे गवंडीकामातून उरलेली रेती पडली होती. बॅटरी रेतीवर ठेवून त्यांनी फावड्याने वरून आणखी रेती लोटली. मग मागे सरकून उभे राहिले. रेतीतून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि थांबली. त्यांना मी इतक्या चपळाईने हलताना कधी पाहिलं नव्हतं. घरात पाण्याचा पेला घ्यायला उठतात ते गुडघे धरून.

आत येऊन त्यांनी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. मग माझ्याजवळ आले.

"डोळे दाखव."

मी चष्मा काढला. काचेवर बरोबर बुबुळासमोर एक चरा पडला होता. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवला, डोळे पाहिले, हात पाहिले.

"बारीक दिसावं म्हणून चष्मा घातला होतास ना?" ते म्हणाले. "कुणी सांगितलं म्हणून नव्हे."

"हो."

ते ओट्याशी गेले. फुटलेल्या कपॅसिटरकडे, काळवंडलेल्या पाटीकडे वाकून पाहिलं. आता बोलणी बसणार म्हणून मी पदर सावरून उभी राहिले. गन परत माळ्यावर जाणार, कदाचित भंगारात.

"वाजला होता का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे फुटायच्या आधी. वाजला होता का डबा?"

"वाजला होता!" माझा आवाज चढला. "अहो, स्वच्छ वाजला होता! अंगठा न लावता!"

"मग परत वाजेल," ते म्हणाले. "पण आता हे काम माझ्या पद्धतीने होईल."

त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल जे काही वाटलं, ते लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्यांची पद्धत म्हणजे ओटा बंद. काम अंगणातल्या ओसरीवर, जिथे वारा आडवा जातो आणि धूर तोंडावर येत नाही. जुन्या फरशीचा एक तुकडा खाली. शेजारी रेतीची घमेली. मी पदर खोचून, सुती साडीत. चष्मा दोघांनाही. आणि वस्तूला गन लावायच्या आधी तिच्यातून बॅटरी बाहेर, मग ती केवढीही असो.

"आणि आधी मेलेल्यावर हात बसवायचा," ते म्हणाले. गच्चीवर आमच्या जुन्या टीव्हीचा सांगाडा धूळ खात होता. त्यातली पाटी काढून आम्ही दोघं ओसरीवर बसलो. आळीपाळीने. हे गन हातात घ्यायला आधी तयारच नव्हते, पण माझा हात पाहता पाहता त्यांना राहवेना. त्यांनी गन फार जवळ धरली आणि पाटीला पापडासारखा फोड आला. मग वायर खोचायची एक पांढरी प्लॅस्टिकची खोबण त्यांच्या डोळ्यांदेखत मेणासारखी वाकली.

"अरे वा!" ते म्हणाले, आणि हसायला लागले. मीही हसायला लागले. दोन म्हातारी माणसं टीव्हीची राख करत हसताहेत, हे पाहून वहिनी कुंपणावरून डोकावल्या.

त्या दुपारी आम्ही जे काही शिकलो ते नासवून शिकलो. गन एका जागी रोखून धरली की टाका वितळायच्या आधी पाटी जळते. ती सारखी गोल फिरवत राहावी लागते, आणि एकदम आच न देता आधी सगळी पाटी लांबून कोमट करावी लागते. हवेचा जोर जास्त असला की तिळाएवढे भाग भुशासारखे उडतात. स्वयंपाकघरातला चंदेरी कागद, पोळ्या गुंडाळायचा, त्याला खिडकी पाडून पाटीवर घातला तर खिडकीतल्या भागालाच ऊब लागते आणि बाकीचं वाचतं. आणि वितळलेला टाका गार होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत अवघड गेली.

कपॅसिटर त्याच टीव्हीतून निघाला. त्याच्या अंगावरचे आकडे आणि फुटलेल्याच्या अंगावरचे आकडे आम्ही भिंग लावून जुळवले. सुलट-उलट बाजू पाहिली, कारण उलटा बसला तर तोही फुटणार. उरला तो उडालेला तिळाएवढा भाग. स्वयंपाकघराची फरशी मी झाडली, केर परातीत पसरून पाहिला. यांनी ओट्याखाली टॉर्च मारला. काही नाही. उद्या रविवार. मी हताश होऊन हात धुवायला बसले, आणि बांगड्या मागे सारताना एका काचेच्या बांगडीला पेस्टच्या चिकटाबरोबर काहीतरी काळं दिसलं.

"अहो! हलू नका! मी हलत नाही! तुम्ही या!"

यांनी चिमट्याने तो तुकडा बांगडीवरून उचलला. मी श्वास रोखून धरला होता.

आता खरी पाळी आली. कलतं ऊन ओसरीवर आलं होतं. डब्याची पाटी फरशीवर, वर चंदेरी कागद, कागदाला खिडकी. आधी सोल्डरिंग आयर्नने, म्हणजे टाके घालायच्या तापत्या कलमाने, कपॅसिटर बसवला आणि तिळाएवढा भाग त्याच्या जागी टेकवला. मग गन घेतली.

"लांब," हे म्हणाले. "अजून लांब. फिरव. फिरवत राहा."

पाटी कोमट झाली. मी हात खाली आणला. माझ्या कानात नुसता गनचा घुमणारा आवाज होता आणि यांचा: "हळू... हळू... बघ, कोपरा..." कोपरा चमकला. मग दुसरा. मग चारी बाजू. तुकडा अगदी अलगद खाली बसला.

"पुरे!" आम्ही दोघं एकदम म्हणालो, आणि मी गन उचलली.

यांनी बटण दाबलं. बॅटरी नव्हतीच, डबा थेट विजेवर. तंबोरा वाजला. खरखर नाही. मग दुसरं बटण, आणि केरव्याचा ठेका ओसरीभर घुमायला लागला. यांनी घमेल्यावर बोटांनी ताल धरला. यांना ताल धरता येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

रविवारी पहाटेची एसटी धरून जळगाव, एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोचलो. देवळाच्या पटांगणात मांडव घातला होता. अक्काच्या मंडळाच्या सगळ्या बायका एकसारख्या हिरव्या साड्यांत उभ्या होत्या. त्यांनी डबा असा घेतला जसं बाळ घ्यावं. पाळी येण्याआधी सूर जुळवायला एक बाई पट्टीचं बटण फिरवायला गेली, आणि तिचा चेहरा पडला.

"फिरी नही राह्यनं," ती म्हणाली.

मी पाहिलं. पट्टीच्या बटणाची प्लॅस्टिकची दांडी वितळून जागीच चिकटली होती. पहिल्या वेळच्या त्या पूर्ण आचेचं काम. आम्ही तंबोरा वाजतो का ते पाहिलं होतं, कुठल्या पट्टीत वाजतो हे पाहायचं आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं. बायका गायच्या पेटीच्या काळी तीनमध्ये. डबा उघडताना माझ्याकडून बटण फिरलं असणार, तो अडकला होता काळी चारवर. म्हणजे सगळा सूर बराच चढा, आणि मंडळातल्या निम्म्या बायकांचे गुडघेच नव्हे तर गळेही थकलेले.

तिथेच स्क्रू काढायला मी पर्स उघडली. अक्काने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग बायकांकडे वळली. "वरना सूर लागी ग्या. आते वरच गावानं. ज्यासले जमी नही त्यासनी टाळ्या वाजाडा, पन जोरमा!"

त्या मंचावर चढल्या. डब्याचं बटण दाबलं. पहिली ओळ चाचपडत आली, दोन-तीन आवाज मध्येच तुटले. हे माझ्या शेजारी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले होते. मग ध्रुवपद परत आलं आणि अक्काने डोळे मिटून तो सूर असा वर उचलला की मागच्या बायका त्याच्या मागोमाग ओढल्या गेल्या. ज्यांना पोचत नव्हतं त्यांच्या टाळ्या अशा कडकडल्या की मांडवाचं कापड हलतंय असं वाटावं. ठेका चुकत नव्हता, तंबोरा हटत नव्हता, आणि बायका त्या उंच सुरावर ओरडत, हसत, घामाघूम होत गात होत्या. मागे उभे असलेले लोक पुढे आले. गजर संपला तेव्हा मी उभी होते. मी कधी उठले ते मला कळलंच नाही.

बक्षीस दुसऱ्या एका मंडळाला गेलं. त्यांच्याकडे खरा तबलजी होता, आणि ते खरंच छान गायले. पण लोकांनी अक्काच्या बायकांना परत मंचावर बोलावून आणखी एक भजन म्हणायला लावलं, आणि त्यानंतर अक्काचा घसा असा बसला की जेवताना काय वाढायचं ते तिने हाताने खुणा करून सांगितलं. बटणाची दांडी मी तिच्याच घरी काढून पाहिली. नवी मिळेल, बसेल, गन लागणार नाही. अक्काने कानाशी येऊन घोगऱ्या कुजबुजीत विचारलं, "आनि मिक्सर जमी का?"

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. ह्यांना प्रवासात बोलायची सवय नाही. पेपर वाचतात, नाहीतर झोपतात. पारोळ्याला एक माणूस शेजारी येऊन बसला आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीतली, वेळ पडली तर म्हणून बरोबर नेलेली गन पाहून त्याने विचारलं, हे काय आहे. आणि आमचे हे सुरू झाले. चंदेरी कागद, कोमट पाटी, रेती, फुगलेली बॅटरी, सगळं हातवारे करून. कपॅसिटर कसा फुटला ते सांगताना त्यांनी "फट्ट!" असा आवाज काढला की पुढच्या बाकावरची बाई दचकून मागे वळली आणि कंडक्टरने तिकिटं फाडणं थांबवलं.

"मग काका," तो माणूस म्हणाला, "माझ्या पोराचा ब्लूटूथचा स्पीकर बंद पडलाय. पाहाल का?"

हे थोडे सावरून बसले. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आधी सांगा," ते म्हणाले, "त्यात बॅटरी आहे का?"